मुंबईत जुन्या वस्तू शोधून विकणे: चोर बाजार, रद्दीची दुकानं आणि रिकामे होणारे माळे

माळ्यावरची_पेटी

जुन्या वस्तू घेऊन विकते असं इतर धाग्यांवर ओघात लिहिलं की व्यनित (खासगी निरोपात) तेच प्रश्न येतात. माल कुठे मिळतो, सुटतात किती, मलाही जमेल का. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते. माझा विषय पितळ, तांबं, कासं आणि जुन्या स्वयंपाकघरातली भांडी. घड्याळं, कागद, कपडे यांतले जाणकार इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

मुख्य म्हणणं आधीच सांगते. स्वस्तात मिळालं म्हणून नफा होत नाही. चोर बाजारात स्वस्त सगळंच असतं. ज्याला कळत नाही त्याच्या हाती बहुधा तेच लागतं जे कळणाऱ्यांनी आधीच उचलून परत खाली ठेवलेलं असतं. एका प्रकारच्या वस्तूची पुरती ओळख झाली की मगच पैसे सुटायला लागतात. म्हणून सुरुवातीला एकच प्रकार धरा. घड्याळं तर घड्याळं, बरण्या तर बरण्या. चार प्रकार एकदम धरले की चारही अर्धेच कळतात.

आता बाजार. चोर बाजारात मटन स्ट्रीटवरची पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी पहाटे आजूबाजूच्या रस्त्यांवर जुम्मा बाजार भरतो. नवीन माणूस इथेच गोंधळतो. दुकानदाराला वस्तूची किंमत पक्की ठाऊक असते, कारण तो स्वतःच रस्त्यावरून उचलतो, पुसतो आणि काचेआड ठेवतो. तेव्हा नजर तयार करायला इतर दिवशी दुकानं फिरा, पण विकण्यासाठी घ्यायचं तर शुक्रवारची पहाटच. उजाडायच्या आत पोचलात तर मुरलेले खरेदीदार मोबाइलच्या उजेडात गोणी सुटायची वाट बघत उभे दिसतील. गोणी पालथी झाली की पहिली काही मिनिटंच काय ती महत्त्वाची. ऊन चढल्यावर जे उरतं ते हौशी लोकांसाठी. ग्रँट रोड किंवा सँडहर्स्ट रोडहून चालत जाता येतं. परतताना जड सामान असेल तर लोकलचा मालडबा आहेच.

घासाघीस करायचीच, पण एकेका वस्तूचा भाव विचारत बसू नका. तीन-चार वस्तू बाजूला काढा आणि लॉटचा भाव विचारा. 'बोहनी का टाइम है' हे खरंच असतं, पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायला विक्रेता नाखूष असतो. धातूच्या बाबतीत आणखी एक आधार असतो, तो म्हणजे मोडीचा भाव. निघायच्या आदल्या दिवशी ओळखीच्या भंगारवाल्याला पितळेचा आणि तांब्याचा त्या आठवड्याचा भाव विचारून ठेवायचा. विक्रेता मोडीच्या खाली येणार नाही, कारण तो कधीही वजनावर विकू शकतो. तुम्हीही मोडीच्या आसपास घेतलंत तर भांडं विकलं न गेल्यास फार काही बुडत नाही. कपडे, कागद, फर्निचर यांना हा आधार नसतो. नवशिक्याने धातूपासून सुरुवात करावी असं मला वाटतं ते यामुळेच.

पितळेचा डबा हातात आला की मी काय बघते ते सांगते. आधी चुंबक. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा, विषय संपला. मग डबा उलटा करून तळ बघायचा. जुन्या डब्याचा तळ ओट्यावर घासून मऊ झालेला असतो, कडा बोटाला लागत नाही. मुद्दाम जुना केलेल्या डब्याला काळेपणा सगळीकडे सारखा असतो, खाचेत आणि सपाटीवर फरकच नसतो. खऱ्या वापराने जिथे हात लागतो तिथे चकाकी येते आणि खाचेत काळं साचतं. मग झाकण फिरवून बघायचं, चारी बाजूंनी सारखं बसतं का. झाकण दुसऱ्या डब्याचं असणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. आत बोट फिरवून कल्हई किती शिल्लक आहे ते पाहायचं. शेवटी सांधे: नंतर शिशाने डागलेला सांधा करड्या, ओबडधोबड रेषेने लगेच उठून दिसतो. असं भांडं शोभेला चालेल, खाण्यासाठी विकायचं नाही.

कासं ओळखायला टिचकी मारा. कासं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. काशाची वाटी बोटांच्या टोकांवर धरून टिचकी मारली की नाद लांबत जातो, पितळेचा लवकर बसतो. रस्त्यावर बरेच विक्रेते दोन्ही एकाच ढिगात ठेवतात, आणि काशाला गिऱ्हाईक जास्त पैसे देतं.

आणि नावं! आपल्याकडे भांड्यांवर टिंबाटिंबांनी नाव घालायची पद्धत होती. मुलीचं नाव, देणाऱ्याचं नाव, गाव, कधी तारीख. बफ मारून (यंत्रावर घासून पॉलिश करून) ही नावं उडवणारे विक्रेते पाहिले की जीव तुटतो. माझ्याकडे नाव असलेलं भांडं बिननावाच्या भांड्याआधी जातं. परदेशी गेलेली मंडळी मुद्दाम आपल्या आडनावाचं, आपल्या गावाचं भांडं मागतात. नाव उडवू नका.

दुकानं आणि जुम्मा बाजार झाले. तिसरा स्रोत सगळ्यांत मोठा, आणि त्यावर कोणी फारसं बोलत नाही: पुनर्विकास. गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथल्या १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणाऱ्या) इमारती, चाळी एकेक करून रिकाम्या होत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीतलं बिऱ्हाड हलतं तेव्हा माळ्यावरचं घंगाळ, बंब, पाट, पत्र्याची ट्रंक, दगडी पाटा हे नव्या घरात जात नाही. ते आठवड्याभरात भंगारात निघतं. तिथे आधी पोचायचं असेल तर त्या भागात माणसं ओळखीची हवीत. वाचमन, कोपऱ्यावरचा भंगारवाला, सामान हलवणारे टेंपोवाले. मी त्यांना माझं कार्ड देऊन ठेवलं आहे आणि माल मिळाला की त्यांचे पैसे त्याच दिवशी देते.

---

कल्याण_फास्ट

ताई, जबरदस्त धागा. दोन प्रश्न. वन रूम किचनमध्ये राहतो, माल ठेवायचा कुठे? आणि सुरुवातीला किती पैसे घालावेत? बायको म्हणते इन्स्टाग्रामवर कपडे विकूया, त्यात जागा कमी लागते.

---

माळ्यावरची_पेटी

@कल्याण_फास्ट, पलंगाखाली मावेल तेवढाच माल घ्यायचा आणि तो विकल्याशिवाय पुढचा नाही. ही अडचण म्हणून बघू नका, त्यानेच शिस्त लागते. जागा असलेल्यांकडे गोदाम भरतं आणि पैसा अडकतो.

पैशांचं असं. समजा एक डबा ९०० ला घेतला. कल्हई आणि सफाई २००. खोका, फुगेरी प्लास्टिक, कुरिअर मिळून २५०. फोटो काढणं, गिऱ्हाइकाशी बोलणं यात गेलेला वेळ धरलाच नाही तरी पडतं १३५०. तो १६०० ला विकून २५० सुटले तर हातात काही राहत नाही, कारण पाचातला एखादा डबा अडून बसणारच. झालेल्या एकूण खर्चाच्या दीडपट तरी यायला हवेत, नाहीतर तो उचलू नका. जड वस्तूत कुरिअर नफा खातं, म्हणून बंब आणि घंगाळ मी मुंबईबाहेर पाठवतच नाही. अडकित्ते, पानाचे डबे, काशाच्या वाट्या, समईच्या जोड्या: तुमच्या जागेला हे बरं.

घरखर्चातले पैसे घालू नका, एवढं मात्र मनापासून सांगते.

---

घड्याळाची_किल्ली

घड्याळांबद्दल मी लिहितो. लांबेल, पण लिहायलाच हवं, कारण आपल्या शहराचं नाव यात खराब झालं आहे.

जगभरच्या घड्याळ संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' नावाचा एक प्रकार प्रसिद्ध आहे. जुनं यंत्र, दुसऱ्याच घड्याळाची केस (बाहेरचं कवच), नव्याने रंगवलेली डायल, असं जुळवून बनवलेलं घड्याळ. ऑनलाइन फोटोत ते झगमगीत दिसतं. लाल, पोपटी, नारिंगी डायलची एचएमटी पायलट दिसली की समजा ती बहुतेक याच प्रकारातली. विकणारा पुष्कळदा फसवायच्या हेतूने करत नसतो. त्याच्या लेखी ती दुरुस्तीच असते. पण तुम्ही ते 'अस्सल' म्हणून पुढे विकलंत तर तुम्ही फसवलंत.

एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये घड्याळांचा विभाग बंद झाला. त्यानंतर मागणी वाढली. जनता, पायलट, सोना, कांचन या मॉडेलांना गिऱ्हाईक आहे. जनता मिळायला अजून सोपी, शिवाय किल्लीचं साधं सतरा ज्युएलचं (आत सतरा बारीक माणकं बसवलेलं) यंत्र असल्याने कुठलाही जुना घड्याळजी ती उघडू शकतो. शिकायला तिच्याहून चांगलं घड्याळ नाही.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि डायलवर बघा. कारखान्याच्या छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात. रंगवलेल्या डायलवर 'एचएमटी'च्या अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा कुठे जवळ कुठे लांब असतात, आणि रंगाखाली धुळीचे कण अडकलेले असतात. मग काटे बघा. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचत नसेल तर तो दुसऱ्या घड्याळाचा आहे.

सेको ५ बाबत तर फार सोपं आहे. मागच्या झाकणावर आकड्यांचे दोन गट असतात, उदाहरणार्थ ७००९ आणि मग एक रेघ आणि पुढे केसचा क्रमांक. पहिले चार आकडे यंत्राचे. डायलच्या अगदी खालच्या काठावर बारीक अक्षरांत पुन्हा तेच चार आकडे यायला हवेत. आत यंत्रावरही तेच. तिन्ही जुळले तर घ्या. आपल्याकडे आखातातून आलेल्या माणसांनी आणलेली ही घड्याळं कोकणातल्या घरांत आजही ड्रॉवरमध्ये पडलेली आहेत. गावी गेलात की विचारा, बाजारातल्यापेक्षा चांगली निघतात, कारण त्यांना कोणी हात लावलेला नसतो.

पॉलिश केलेली केस घेऊ नका. कडा गोल झाल्या की घड्याळ मेलं.

---

रद्दी_आणि_मी

घड्याळाची_किल्ली, अप्रतिम प्रतिसाद.

कागदाबद्दल. माझा अनुभव असा की चोर बाजारापेक्षा गल्लीतल्या रद्दीच्या दुकानात जास्त मिळतं. रद्दीवाला वजनावर घेतो आणि आठवड्यातून एकदा मोठ्या व्यापाऱ्याकडे पाठवतो. त्या मधल्या दिवसांत दुकानात बसायला परवानगी मिळवा. चहा पाजा, गठ्ठे परत होते तसे बांधून ठेवा. माझ्या रद्दीवाल्याला मी किलोच्या भावाच्या कितीतरी पट देतो, त्यामुळे तो आता जुने दिवाळी अंक, बांधीव मासिकं, लग्नपत्रिका, दुकानांची जुनी कॅलेंडरं आपणहून बाजूला ठेवतो.

मागणी असलेल्या गोष्टी: इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक, मुखपृष्ठासकट आणि मधली पानं शाबूत असलेले. वेताळाचे (फँटमचे) अंक आधी जातात. चांदोबा, किशोर यांचे सलग वर्षाचे संच. सुटे अंक कोणी फारसे घेत नाही, बारा मिळाले की भाव बदलतो. म्हणून मी सुटे जमवत राहतो आणि संच पुरा झाला की विकतो. हुतात्मा चौकातले आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे पुस्तकवाले यांच्याशीही ओळख ठेवावी. ते तुमचे स्पर्धक नाहीत, ते गिऱ्हाईकसुद्धा होतात.

चित्रांबद्दल सावध करतो. रविवर्मा प्रेसची जुनी चित्रं म्हणून आज छापलेल्या प्रिंट चहाच्या पाण्यात बुडवून विकतात. प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. दगडावरून छापलेल्या चित्रात भिंगाखाली ठिपके लहानमोठे, अनियमित, हाताने मारल्यासारखे दिसतात, आणि रंगांचे थर एकमेकांवर चढलेले असतात. आजच्या छपाईत ठिपके ओळीने, फुलाच्या नक्षीत येतात. फ्रेम जुनी असणं हा पुरावा नव्हे. जुन्या फ्रेमा वेगळ्या विकत मिळतात.

पावसाळ्यात कागद जमिनीवर ठेवू नका. वाळवी आणि बुरशी दोन्ही आपल्या शहराला पाहुणे नाहीत, इथल्याच आहेत.

---

नऊवारी

@कल्याण_फास्ट, तुमच्या सौभाग्यवतींसाठी लिहिते.

इन्स्टाग्रामवर जुन्या कपड्यांची दुकानं लॉकडाऊनच्या काळात, २०२० पासून, भराभर निघाली. आता गर्दी आहे. जीन्स आणि टी-शर्टमध्ये शिरू नका. साड्यांत शिरा, कारण साडी आपल्याला कळते.

आपल्याकडे बोहारीण कपडे घेऊन भांडी देते. तिच्या गाठोड्यात चांगल्या साड्या फार येतात. तिला गाठोडं सोडून दाखवायला सांगा आणि तुम्हाला हवी ती साडी रोख पैसे देऊन घ्या. भांड्यापेक्षा जास्त मिळाले की ती पुढच्या वेळी तुमच्याच दारात आधी येते.

जरीचं बघायचं असेल तर पदराच्या उलट्या बाजूने एकच सुटलेला धागा घ्या. आत रेशमाचा धागा आणि त्यावर चपटी धातूची तार गुंडाळलेली असते. खऱ्या जरीत ती चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली. नखाने खरवडून तांबूस दिसली तर तांब्याची, म्हणजे 'टेस्टेड' जरी. ज्योतीजवळ नेल्यावर आक्रसून वितळली तर प्लास्टिक. खऱ्या जरीच्या फाटक्या साडीलाही चांदीची मोड असते आणि जरी गाळणारे ती घेतातच. पण मी म्हणेन गाळायला देऊ नका. फाटलेल्या साडीचे काठ आणि पदर वेगळे काढून विका. ब्लाउज शिवणाऱ्या, पर्स आणि कुंच्या शिवणाऱ्या बायका ते आनंदाने घेतात.

पैठणीचा पदर उलटून पाहा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत मोर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. मागे लोंबते धागे किंवा कापलेले धागे असतील तर ती यंत्रावरची. आणि घडीवर रेशीम चिरलं आहे का ते उजेडासमोर धरून बघाच, कारण तशी साडी नेसता येत नाही. गिऱ्हाइकाला त्या चिरेचा फोटो आधी पाठवा.

---

फोर्टातला_कारकून

कायद्याचं थोडं. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला सबळ कारण असताना घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून रस्त्यावरून मोबाइल, लॅपटॉप, सायकल घेऊच नका. फोन ओळखीतून घेत असाल तरी *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा, केवायएम (KYM) आणि तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. ब्लॉक केलेला असेल तर कळतं.

पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे १०० वर्षांवरची मूर्ती, चित्र, नाणं, कोरीव वस्तू हे पुरावशेष. हस्तलिखितांना ७५ वर्षं. त्यांचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातलं गिऱ्हाईक जुनी पंचधातूची मूर्ती मागत असेल तर सरळ नाही म्हणा. हस्तिदंत, वाघनखं, हरणाची शिंगं यांना हातही लावू नका, वन्यजीव कायदा फार कडक आहे.

जीएसटी: राज्यातल्या राज्यात माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही, राज्याबाहेर माल विकताना मात्र सर्वसाधारणपणे लागते. नोंदणी असेल आणि वापरलेला माल तसाच, किंवा किरकोळ डागडुजी करून विकलात, खरेदीवर इनपुट क्रेडिट (तेव्हा भरलेल्या कराची वजावट) घेतलं नसेल, तर कर पूर्ण किमतीवर नाही, खरेदी-विक्रीच्या फरकावर लागतो. सीएला 'नियम ३२(५)' एवढं सांगितलं तरी पुरे.

---

लालबागचा_मुलगा

धागा माहितीपूर्ण आहे, पण एक गोष्ट खटकते म्हणून लिहितो. आमची चाळ रिकामी झाली तेव्हा असेच लोक आले होते. माझ्या आजीचं तांब्याचं घंगाळ आणि दोन समया वजनावर घेऊन गेले. आजीला वाटलं अडगळ गेली. नंतर तसलंच घंगाळ एका हॉटेलात फुलं ठेवलेलं पाहिलं. नफा कुणाच्या खिशातून येतो हेही धाग्यात यायला हवं.

---

माळ्यावरची_पेटी

@लालबागचा_मुलगा, बरं झालं लिहिलंत. हे माझ्या मूळ लेखात यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे.

बाजारातल्या विक्रेत्याशी मी खूप घासाघीस करते. त्याला भाव ठाऊक असतो, तो माझ्याइतकाच तयार असतो. घरातून घेताना मात्र मी घासाघीस करत नाही. समोरचं माणूस घर सोडत असतं, घाईत असतं, आणि त्याला वस्तूची किंमत ठाऊक नसते. तिथे मी आधी सांगते की मोडीला याचे इतके येतील, मी इतके देते, आणि विकलं तर साधारण इतक्याला विकलं जाईल. हे तिन्ही आकडे सांगते. काही जण ऐकून म्हणतात, मग आम्हीच ठेवतो. ठेवू देत! तेच चांगलं. काही म्हणतात, भाचीला विचारून सांगते. थांबायचं. टेंपो खाली उभा असला तरी थांबायचं.

यात धंद्याचंही नुकसान नाही, हे नवीन येणाऱ्यांना मुद्दाम सांगते. चाळीत बातमी जिन्याने पसरते. पहिल्या मजल्यावर नीट वागलेलं तिसऱ्या मजल्यावर माहीत होतं. मला आज जो चांगला माल मिळतो तो बहुतेक अशाच कुणीतरी सुचवलेल्या घरांतून.

समई आणि देवघरातली भांडी देताना बायकांचा हात अडखळतो हे दिसतं. तेव्हा मी स्वतःच म्हणते, ही राहू द्या. तांब्याचं घंगाळ नव्या फ्लॅटमध्ये मावत नाही हे खरं, पण समई मावते.

---

सेटवरचा

विक्रीच्या बाजूने एक मुद्दा कुणी मांडलाच नाही, तो म्हणजे भाडं. मुंबईत मालिका, जाहिराती, चित्रपट यांचे कलाविभाग सतत जुन्या वस्तू शोधत असतात. चाळीतलं घर उभं करायचं तर पत्र्याची ट्रंक, बाकड्याएवढा रेडिओ, काळा फिरकीचा टेलिफोन, इराणी हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, सगळं लागतं. विकत कोणी घेत नाही, भाड्याने नेतात. मोठे दुकानदार यावरच चालतात. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात विचारून बघा.

लहान माणसाने एकाच काळाचा, एकाच घरातला वाटेल असा संच जमवावा. समजा सत्तरच्या दशकातलं मध्यमवर्गीय मराठी स्वयंपाकघर: फळीवरचे पितळी डबे, वातीचा स्टोव्ह, चिनी मातीच्या बरण्या, पाट, कपबशा, भिंतीवरचं कॅलेंडर. सुटा डबा मागायला कोणी येत नाही, पण आख्खं स्वयंपाकघर एका फोनवर मिळतं म्हटल्यावर येतात. अनामत रक्कम घ्या, देताना प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, फुटलं तर किती भरायचे ते आधी लिहून घ्या. सेटवर बरण्या फुटतातच.

---

दहिसरच्या_टोकाला

सेटवरचा, हे खरंच नवीन कळलं, धन्यवाद.

फसवणुकीबद्दल थोडक्यात भर. जाहिरात टाकली की तासाभरात फोन येतो, मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, वस्तू न बघता भाव मान्य, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा म्हणजे पैसे येतील. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतं ना पिन. फोन ठेवून द्या.

वैष्णोदेवीचं पाच-दहाचं नाणं लाखांना जातं हे खोटं आहे. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागणारे आहेत, बँकेने स्वतः ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. तांदूळ खेचणाऱ्या तांब्याच्या भांड्याला किंवा जुन्या रेडिओतल्या लाल पाऱ्याला लाखो मिळतात ही थापही त्याच गटातली. माझ्या ओळखीत एका सुशिक्षित माणसाने त्यापायी पीएफचे पैसे घालवले.

---

कल्याण_फास्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोने साड्यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि आमच्या बोहारणीची वाट बघतेय.

शेवटचा प्रश्न. इथे एका दुकानात ग्रामोफोन आहे, चकचकीत पितळेचा कर्णा, पेटीवर कुत्र्याचं चित्र, अष्टकोनी नक्षीदार पेटी. चालू आहे, रेकॉर्ड लावून दाखवली. ६००० म्हणतोय, ५००० ला देईल. घेऊ का? खाली दोन फोटो देतो.

---

माळ्यावरची_पेटी

घेऊ नका. फोटो पाहिले. हा नव्याने जुळवलेला आहे. कर्णा लखलखीत पितळेचा आणि पातळ पत्र्याचा, त्याच्या पाकळ्यांचे सांधे एकसारखे नाहीत. कर्णा धरणारा मागचा हात ओबडधोबड वाकवलेला आहे. पेटीचं लाकूड हलकं, कोपऱ्यातल्या खिळ्यांवर नुसतं पॉलिश चढवलेलं. आतलं यंत्र बहुधा एखाद्या जुन्या पोर्टेबल ग्रामोफोनचं असेल, म्हणून वाजतो. शोभेसाठी घेणारे याला गिऱ्हाईक असतात, पण त्यांना तो याहून स्वस्तात मिळतो. तुम्हाला वर काही सुटणार नाही.

त्याच दुकानात कोपऱ्यात, दुसऱ्या फोटोत अर्धवट दिसतंय, पोत्यावर काहीतरी पिवळट भांड्यांची चळत आहे. वरची वाटी पसरट, काठ जाड आणि बाहेर वळलेला. उद्या जाणार असाल तर ती वाटी बोटांवर धरून टिचकी मारा आणि नाद किती लांबतो ते इथे लिहा. चुंबक सोबत न्या.